दर्याजीतची पाठ

माझा पाव नको म्हणणारा माणूस सरळ असू शकत नाही. हे मी उगाच बोलत नाही. वेंगुर्ल्याच्या बाजारात माझी बेकरी आहे, माझ्या आधी बापाची होती, आणि भट्टीतून नुकता काढलेला पाव पुढे केला की माणूस कसा वागतो त्यावरून मी त्याची पारख करतो. भुकेला हात घालतो, लाजरा ‘कशाला, कशाला’ करत घेतो, आगाऊ माणूस आधी दाबून बघतो. पण आमचा होणारा जावई अ‍ॅलन डिसेंबरात माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, “नको अंकल, मी पाव सोडलंय.” साखरपुड्याच्या दिवशी ह्याच गड्याने डुकराच्या मटणाच्या सोरपोतेलाच्या रश्शात माझे उंडे पाव बुडवून बुडवून टोपली रिकामी केली होती. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

माझी मुलगी सँड्रीना इथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवते. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. पोरगी गुणी आहे, पण तिला एक खूळ आहे, ते म्हणजे सुपरहिरोंचे पिक्चर. आणि ह्या खुळाचे आणखी तीन रुग्ण रोज संध्याकाळी माझ्या बेकरीबाहेरच्या बाकड्यावर येऊन बसतात. समोरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातला ओंकार, काजू कारखान्याच्या ऑफिसात बसणारी दीपिका आणि कलमांच्या रोपवाटिकेत कामाला असलेला कौस्तुभ. तिघंही पोटापाण्याला लागलेली, आधार कार्डवाली माणसं. पण बाकड्यावर बसली की आकाशातून उडणाऱ्यांबद्दल अशी भांडतात की जणू वडिलोपार्जित जमिनीची वाटणी चालली आहे. इथे जवळपास धड थिएटर नाही, म्हणून नवा पिक्चर आला की ही मंडळी बांद्यावरून गोव्यात म्हापशाला जातात आणि परत आल्यावर आठवडाभर माझं डोकं खातात.

ह्या हिवाळ्यात तर कहर झाला होता. आतापर्यंत वेगवेगळ्या पिक्चरांतून आलेले सगळे हिरो एकाच पिक्चरात एकत्र येणार होते. नाव ‘महादल’. त्यात एक विजेची बाई आहे, एक दगडाचा बाप्या आहे, एक नको तेव्हा अदृश्य होणारा आहे, आणि सगळ्यांचा लाडका म्हणजे समुद्रातला दर्याजीत. आता गंमत अशी की दर्याजीतचं काम करणारा पहिला नट भांडून बाहेर पडला होता आणि त्याच्या जागी कोण, हे पिक्चरवाल्यांनी गुपित ठेवलं होतं.

“दक्षिणेतलो उंच नट तोच,” कौस्तुभ म्हणायचा. “दर्याजीताक खांदे व्हये.”

“खांदे घेऊन काय करतलंस मेल्या? डोळे व्हये डोळे,” दीपिका म्हणायची. “पयल्या पिक्चरात आवशीक सोडून समुद्रात जाता तेव्हा कसो बघता, आठव. त्या खांदेवाल्याक रडूक तरी येता काय?”

“आधी पयलो नट कित्याक गेलो तां बघा,” आमची सँड्रीना दाराच्या चौकटीला टेकून. “भांडण-बिंडण सगळा खोटा. तेका पोहूक येणा नाय, म्हणान काढलो तेका.”

खरं तर ह्या खुळातूनच तिचं लग्न ठरलं. म्हापशाला तिकिटाच्या रांगेत तिच्या मागे उभा असलेला एक मुलगा मोठ्याने म्हणाला होता, “पाण्याखाली तोंड उघडून बोलता तो! फुफ्फुसां फुटतली नाय?” सँड्रीना वळून त्याच्याशी जी भांडायला लागली ती पिक्चर संपल्यावर बांद्यापर्यंत भांडत आली. तो अ‍ॅलन. देवबागचा. पर्यटकांना पाण्याखाली नेऊन मासे आणि प्रवाळ दाखवायचं काम करतो. बाप मासेमारीला गेला तो परत आला नाही, आई कोन्सेसांवने एकटीने वाढवला. पोरगा दिसायला बरा, बोलायला गोड. गोड बोलणाऱ्यांबद्दल माझं मत काय आहे ते सांगायची गरज नाही.

जानेवारीत लग्न लावायचं ठरलं, कारण नंतर ईस्टरआधीचा उपवासकाळ लागतो आणि त्यात चर्चमध्ये लग्नं होत नाहीत. आमच्यात लग्नाआधी लागोपाठ तीन रविवार फादर चर्चमधल्या मिस्साच्या शेवटी मुलाचं आणि मुलीचं नाव वाचतात आणि सांगतात, ह्या लग्नाला कोणाला काही अडचण ठाऊक असेल तर कळवावी. मला ही पद्धत फार आवडते. एखाद्या माणसाबद्दल सगळ्या गावाला उघडपणे संशय घ्यायची सोय दुसऱ्या कुठल्या धर्मात इतकी छान केलेली नसेल.

आता बघा. जानेवारी म्हणजे पर्यटकांचा हंगाम. देवबागेत होडीला जागा मिळत नाही अशी गर्दी. आणि आमचा जावई होडीवर नाही. विचारलं तर म्हणे ओरोसला जातो, होडीच्या परवान्याचं काम अडकलंय. ओरोसला कलेक्टर कचेरीजवळ गुरुदासची चहाची टपरी आहे. गुरुदास आणि मी एका वर्गात होतो. त्याला फोन लावला. म्हणाला, “असो कोण पोरगो हडे येणा नाय. परवान्याची माणसा येतत ती दोनदा चाय पितत, मी वळखतंय सगळ्यांक.” मग बांद्याचा शिवा, जो माझी खारी त्याच्या दुकानात ठेवतो, तो माल न्यायला आला आणि सहज बोलून गेला की तुमचा जावई हायवेवर एका पांढऱ्या गाडीत बसताना दिसला. गाडी गोव्याची. आत काळा चष्मा लावलेली बाई.

त्यात त्याचं रूप पालटलेलं. केसांना तांबूस झाक आलेली. हातावरचे केस गायब, हात माझ्या नानकटाईच्या परातीसारखे गुळगुळीत. मी विचारलं तर म्हणाला, पाण्यातला सूट घालताना केस अडकतात. इतकी वर्षं अडकत नव्हते ते ह्या महिन्यात बरे अडकायला लागले!

मी सँड्रीनाला लगेच काही बोललो नाही. म्हटलं आधी जाणकाराला विचारावं. ही बाकड्यावरची मंडळी पिक्चरच्या दोन मिनिटांच्या झलकेतला एकेक क्षण थांबवून बघतात आणि कोण मरणार, कोण फितुर होणार, सगळं सांगतात. कौस्तुभ एकटा होता तेव्हा मी त्याला म्हटलं, “समज रे, एक माणूस आसा. खाणा-पिणा बदलल्यान, रूप बदलल्यान, सांगता एके जागी जातंय आणि जाता दुसरीकडे. तर काय समजायचा?”

त्याने डोळेसुद्धा वर केले नाहीत. “सोप्पा आसा अंकल. दोन आयुष्यां. लोकांसमोर एक आणि लपवलेला दुसरा. आणि जेचा तेच्यार प्रेम आसा, तेकाच शेवटाक कळता.”

तो पिक्चरबद्दल बोलत होता. पण मला कोन्सेसांवचा चेहरा दिसला, माझ्या पोरीचा पांढरा झगा दिसला, आणि गोव्यात कुठल्यातरी खोलीत बसलेली ती काळ्या चष्म्याची बाई दिसली.

पहिल्या रविवारी नावं वाचली. दुसऱ्या रविवारीही वाचली. त्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी अ‍ॅलन आला होता. तो गेल्यावर सँड्रीना आत आली ती डोळे सुजवून. मी चहाचा कप पुढे केला, तिने घेतला नाही.

“पपा, तो माझ्याकडसून कायतरी लपयता.”

मग मला राहवलं नाही. गुरुदास, शिवा, पांढरी गाडी, सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मी आज तेका सरळ इचारलंय. दुसरा कोण आसा काय म्हणान. तो म्हणता नाय. मगे खंय जातंस? तर म्हणता ओरोसाक. मी रडलंय तेच्यासमोर पपा. तो नुसतो बघत रवलो.”

“फादरांक सांगूया? तिसऱ्यांदा वाचू नकोत म्हणान?”

“रवा जरा,” ती म्हणाली. तिच्या त्या ‘रवा जरा’ने माझं काळीज हललं. कारण माझी पोरगी कशासाठी थांबणाऱ्यातली नाही.

गुरुवारी संध्याकाळी ओंकार दुकान उघडं टाकून धावत आला. चपलासुद्धा धड घातल्या नव्हत्या. “गावलो! फोटो गावलो!” चित्रीकरणाच्या जागेवरून कोणीतरी चोरून काढलेला दर्याजीतचा फोटो बाहेर आला होता. क्षणात सगळे त्याच्या फोनवर तुटून पडले. सँड्रीनालाही तिच्या फोनवर तो मिळाला. त्या आठवड्यात पहिल्यांदाच ती बाकड्याजवळ आली होती.

“पाठमोरो आसा! तोंड दिसणा नाय!” कौस्तुभ कळवळला.

“पण काल बुधवारी काढलेलो आसा, म्हणजे ताजो. आणि पाठीवर बघ काय आसा. मोठा कर.”

“ताईत!” दीपिका ओरडली. “ताईत घातलोहा!”

“पाठीवर कोण ताईत घालता गो?”

“तोच तर मुद्दो!” कौस्तुभ बाकड्यावर चढून बसला. “छातीवर नाय, पाठीवर. म्हणजे घाव पाठसून येतलो. म्हणजे आपल्यातलोच कोणतरी सुरो मारतलो. तो अदृश्य होणारो! मी आधीच म्हटलंय, तो फितुर आसा!”

“आणि धागो बघ, चमकता,” ओंकार म्हणाला. “साधो धागो नाय तो. ती विजेची बाई आपली शक्ती त्या धाग्यातसून तेका देता. म्हणजे दोघांचा लफडा पण आसा.”

“बाहेरच्या देशातले लोक पण हेच लिहितत बघ! ताईत, ताईत, सगळीकडे ताईत!”

एवढा आरडाओरडा कशाचा म्हणून मी चष्मा लावून वाकून पाहिलं. ढगाळ किनारा. कमरेइतक्या पाण्यात एक उघडा माणूस, पाठ आपल्याकडे. तांबूस केस. आणि दोन खांद्यांच्या मधोमध एक लहानसा काळपट कापडी चौकोन, त्याला दोन्ही खांद्यांवरून पुढे गेलेले दोन बारीक चमकते दोरे.

त्या तिघांना काय कळणार म्हणा. ते आमच्या घरांत वाढलेले नाहीत. तो ताईत नव्हता, ती बेंतीण होती. आमच्या सायबिणीच्या, म्हणजे देवमातेच्या नावाने आशीर्वाद दिलेले कापडाचे दोन तुकडे, एक छातीवर, एक पाठीवर, दोऱ्यांनी जोडलेले. आमच्याकडे कित्येक माणसं सदऱ्याच्या आत घालतात. बाजारात मिळते ती तपकिरी असते आणि साध्या सुती दोऱ्याची असते. पण कोन्सेसांव, अ‍ॅलनची आई, पोरासाठी ती स्वतः शिवते, नवऱ्याच्या जुन्या होडीच्या शिडाच्या कापडाची. आणि सुती दोरा खाऱ्या पाण्यात कुजतो म्हणून ती गरी बांधायच्या नायलॉनच्या तंगुसात ओवते. साखरपुड्याला तिने मला काढून दाखवली होती, म्हणाली होती, ‘दर्यात उतरताना हेच्या अंगासून ही काढूची नाय असो शब्द घेतलोहा मी.’ विजेच्या बाईची शक्ती म्हणे! मासे पकडायचं तंगूस ते!

म्हणजे तांबूस केस. म्हणजे गुळगुळीत हात. म्हणजे पाव नको. पांढरी गाडी, काळा चष्मा, पिक्चरवाली बाई. सगळे तुकडे एकदम जागच्या जागी बसले. नव्या नटालाही समुद्र झेपत नसणार, म्हणून पाण्यातला दर्याजीत आमचा अ‍ॅलन झाला होता. बेंतीण ते मागाहून कॉम्प्युटरवर पुसून टाकतील.

मी मान वर केली आणि सँड्रीनाकडे पाहिलं. ती फोनकडे बघत होती. तिनेही ओळखलं होतं, माझ्याआधीच ओळखलं असणार. माझी पोर, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही, जिने स्वतःच्या साखरपुड्याची बातमी मला सांगायच्या आधी सगळ्या शिक्षकखोलीला सांगितली होती, ती एक शब्द बोलली नाही. कौस्तुभने विचारलं, “सँड्रीना, तुका काय वाटता? फितुर कोण?” ती म्हणाली, “माका पेपर तपासूचे आसत,” आणि आत गेली.

मी मागोमाग गेलो. ती मैद्याच्या पोत्यावर बसली होती. मला तर नाचावंसं वाटत होतं. म्हटलं, “अगो, सुटलो मगे पोरगो! बाई नाय, बिई नाय. काम करता तो. पिक्चरवाल्यांनी सही घेतली आसतली तेची, कोणाक सांगायचा नाय म्हणान. सांगल्यान तर दुसऱ्या दिवशी घरी बसयतीत. तू खुश होऊक व्हयी!”

“खुश?” तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे सरलो. “पपा, परक्यांक सांगू नको म्हणान सही केल्यान तेनी. मी परकी? मी तेच्यासमोर रडलंय. दुसरी बाई आसा काय म्हणान इचारलंय. तेका नुसता एवढा म्हणूचा होता, सँड्रीना, काम आसा, सांगूक येणा नाय, माझ्यार इश्वास ठेव. एवढापण नाय म्हटल्यान. माका रडूक दिल्यान. कित्याक, तां सांगू? तेका वाटला मी बाकड्यार जाऊन बोंबलतलंय.”

 मलाही तेच वाटलं असतं.

“सगळी तेच्यार संशय घेत होती,” ती म्हणाली, “आणि तो माझ्यार.”

खरं सांगतो, तोपर्यंत मला हे लग्न मोडलं तर बरंच असं वाटत होतं. त्या क्षणी मला त्या मुलाची बाजू घ्यावीशी वाटली आणि घेता आली नाही.  ती उठली, डोळे पुसले, म्हणाली, “शनवारी तो येतलो. मी तेका एकदाच इचारतलंय. तेनी आपणहून सांगूक व्हया. तुमी एक शब्द काढलात तर बघा.” मी तिच्या आईची शपथ घेतली.

शनिवारी दुपार टळल्यावर अ‍ॅलन आला. हातात आईने दिलेला सुका बांगडा, तोंडावर तेच गोड हसू. सँड्रीनाने त्याला भट्टीच्या खोलीत बोलावलं. मी पलीकडे पाव भाजायचे पत्रे पुसत होतो. म्हणजे एकच पत्रा पुसत होतो, पुन्हा पुन्हा.

“ह्या आठवड्यात खंय गेल्लंस?”

“ओरोसाक गो. आणि खंय.”

“काम झाला?”

“खंय झाला! सायब रजेर. तेच्या हाताखालचो म्हणता फाइल वर गेलीहा, वरचो म्हणता खाली आसा. दिवसभर बसवन ठेवल्यान. मगे स्टँडार उसळ खाल्लंय आणि इलंय.”

काय सफाई! उसळीचा वाससुद्धा आला मला. खोटं बोलावं तर असं, मध्ये उसळ घालून.

सँड्रीनाने परातीतल्या पिठात हात घातला. मग हळूच म्हणाली, “माका सांगूक सारख्या दुसरा काय नाय?”

त्याने भट्टीकडे पाहिलं. सांग रे, मी मनात म्हणत होतो. सांग रे माझ्या बाबा.

“नाय,” तो म्हणाला.

“बरा. मगे मी आज फादरांक जाऊन सांगतंय. उद्या आपली नावां वाचू नकोत.”

त्याच्या तोंडावरचा रंग उडाला. “कित्याक? सँड्रीना, कित्याक?”

“कारण तुका सांगूचा नाय असा मी ठरयलंय,” ती म्हणाली. “बघ कसा वाटता.”

ती पाठ वळवून उभी राहिली. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पत्रा पुसत होतो. मग तो दुकानातून बाहेर पडला. मीही मागून दारापर्यंत गेलो, हा आता काय करतो बघावं म्हणून. बाहेर बाकड्यावर मैफल रंगात आली होती. कौस्तुभच्या हातात फोन, आणि तो जाहीर करत होता की पक्की बातमी लागली, दर्याजीत म्हणजे एक पंजाबी पैलवान नट, पाठीच्या रुंदीवरून सिद्ध झालंय.

अ‍ॅलन पायरीवर थबकला. मागे वळला. त्याचे डोळे दुकानातून आरपार भट्टीच्या खोलीच्या दाराकडे, जिथे आता सँड्रीना येऊन उभी होती. आणि तो तिथूनच ओरडला.

“सँड्रीना! तो मी! ओरोस नाय, फाइल नाय, काय नाय. त्या फोटोतलो दर्याजीत तो मी. पाण्यातला सगळा काम मी करतंय. तुका सांगूक भियालंय मी!”

बाजारात एवढी शांतता मी गुड फ्रायडेलाही ऐकलेली नाही.  कौस्तुभचा अंगठा फोनवर होता. एवढी एक ओळ त्या फोनमधून बाहेर पडली असती की सोमवारी अ‍ॅलनचं काम गेलंच होतं, आणि त्यानंतर त्याला कुठला पिक्चरवाला उभा करणार होता? हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक असून त्याने वेंगुर्ल्यातल्या सगळ्यांत फाटक्या तोंडाच्या माणसांसमोर ते बोलून टाकलं होतं.

मग ओंकार फिसकन हसला. मग दीपिका. मग तिघंही असे हसले की बाकडं हललं.

“तू? दर्याजीत?” कौस्तुभ डोळे पुसत म्हणाला. “मेल्या, दर्याजीत सवासहा फूट आसा! तुझी उंची काय, तू बोलतंस काय!”

“लग्नाच्या आधी असा होता हेंका,” दीपिका म्हणाली. “माझ्या भावाशीक वाटत होता आपण क्रिकेटर आसंय.”

“पाठीची रुंदी मी मोजलंय स्क्रीनार,” ओंकार म्हणाला. “ह्या पाठीत तू दोनदा बसशीत.”

“अरे मी सांगतंय तुमका!” अ‍ॅलन आता पेटला होता. त्याचं दुःख बाजूला राहिलं आणि त्याला राग आला, खरं बोलूनही कोणी मानत नाही ह्याचा राग. “खोटा वाटता? तो ताईत नाय, मूर्खांनो! थांबा, दाखयतंय तुमका पाठीवर काय आसा तां!” आणि त्याने सदऱ्याची बटणं काढायला घेतली.

मी पुढे होणार एवढ्यात सँड्रीना माझ्या बाजूने बाहेर गेली. पिठाचे हात तसेच. तिने त्याचा सदरा दोन्ही हातांनी पकडला.

“पुरे रे खोटारड्या!” ती ओरडली. “लाज नाय वाटणा? फोटो काढलो त्या बुधवारी शाळेचे कागद घेऊन मी ओरोसाक गेल्लंय, तेव्हा ह्यो दिवसभर माझ्यावांगडा होतो! स्टँडार बसान उसळ खाल्ल्यान दोन वाटी, आणि आता म्हणता दर्याजीत!”

बाकडं पुन्हा हललं. “दर्याजीताक उसळ!” दीपिकाला ठसका लागला. कौस्तुभने मान हलवली, फोन उचलला आणि पंजाबी पैलवानाची बातमी पुढे पाठवून दिली.

बुधवारी सँड्रीना शाळेत होती. दुपारच्या सुट्टीत ती माझ्यासमोर बसून जेवली होती.

अ‍ॅलन तिच्याकडे बघत उभा होता, तोंड अर्धं उघडं. ती त्याची बटणं एकेक करून लावत होती. बाकड्यावरच्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू ती बोलली, पण मी दारात होतो म्हणून मला ऐकू आलं.

“माका सांगलंस. झाला. आता परत कोणाक सांगू नको.”

त्याने मान डोलावली. रडत होता गाढव. तीही रडत होती, पण तिने तोंड असं धरलं होतं की बाकड्यावरून बघणाऱ्याला वाटावं रागाने लाल झाली आहे. मग ती माझ्याकडे वळली, नाक ओढलं आणि मोठ्याने म्हणाली, “पपा, फादरांकडे जाऊचा नाय. उद्या वाचूंदेत.”

मी आत गेलो. इतके दिवस मी त्या मुलावर नजर ठेवून होतो. पण माझ्या पोरीने भर बाजारात पापणी न लववता ती थाप मारली, आणि पहिल्यांदाच मला त्याची काळजी वाटायला लागली.